भोवालीच्या खालचे वळण

सुरुचीने खट् करून गिअर बदलला, सीटवरून न उठता उल्हासच्या शेजारून पुढे सरकली आणि ओलांडताना म्हणाली,

"सर, वर थांबते हां मी."

उल्हासने नुसती मान हलवली. बोलण्याइतका श्वास उरला नव्हता. भीमताल केव्हाच मागे पडले होते आणि भोवालीकडे चढणारा रस्ता संपायचे नाव घेत नव्हता. तो पेडलवर उभा राहिला. सायकल त्याच्याखाली डावी-उजवीकडे हेलकावू लागली. चढावर उभे राहिले की माणूस लवकर दमतो, असे तो सगळ्यांना शिकवत असे. पुढे सुरुचीची पाठ मात्र एकसारखी, जागची न हलता वर चालली होती. एका वळणाआड ती दिसेनाशी झाली तेव्हा तो पुन्हा सीटवर बसला.

उल्हास शेवडे लखनऊच्या एका संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ होता. मूळचा साताऱ्याचा. "मी यवतेश्वरच्या घाटात सायकल शिकलो," हे वाक्य लखनऊतल्या प्रत्येक मराठी घराने एकदा तरी ऐकलेले होते. लखनऊत चढ नाही. म्हणून रविवारी पहाटे तो आपल्या ग्रुपला निशातगंजच्या पुलावर न्यायचा. पूल चढायचा, उतरायचा, वळायचे, पुन्हा चढायचे. दूधवाले कॅन लटकवलेल्या सायकली थांबवून हा प्रकार बघत राहायचे. हिवाळाभर पूल आणि उन्हाळ्यात गोमतीकाठचा बांध असे करत करत ग्रुप तयार झाला आणि शहाण्णवच्या दसऱ्याच्या सुट्टीत उल्हासने त्यांना कुमाऊँत आणले.

सुरुची ग्रुपमध्ये सगळ्यांत नवी. वर्ध्याची मुलगी, लग्न होऊन लखनऊला आलेली. नवरा सौरभ राऊत अमौसीच्या विमानतळावर एका विमान कंपनीत इंजिनिअर. त्याच्या ड्युटीचे काही खरे नसे. आदल्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात त्यानेच तिला उल्हाससमोर उभे केले होते. "सर, हिला तुमच्या ग्रुपमध्ये घ्या ना. दिवसभर घरात बसून बोअर होते." उल्हासने तिला हँडल कसे धरायचे इथपासून शिकवले. ती फार प्रश्न विचारत नसे. त्याच्या मागे सायकल लावायची आणि तो करेल ते करायची. शिकण्याची तिची रीत ती एवढीच होती.

भोवालीच्या बाजारात ती एका फळवाल्याच्या हातगाडीला टेकून सफरचंद खात होती. बाकीचेही एकेक करून पोचले. राजस नावाचा विद्यापीठातला एक मुलगा होता. मराठी, पण लखनऊतच जन्मलेला. तो आल्या आल्या ओरडला,

"सर, आज तो भाभीजी ने आपको पीछे छोड़ दिया!"

सगळे हसले. उल्हासही हसला.

"चढ म्हणजे नुसता दम," तो म्हणाला. "सायकल कुणाला येते ते उतारावर कळतं."

हसणे किंचित कमी झाले. सुरुचीने अर्धे सफरचंद रुमालात गुंडाळून ठेवले.

उतार सुरू होण्याआधी उल्हासने सगळ्यांना गोळा केले. गरमपानीपर्यंत रस्ता उतरतच जातो. ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात नाही. वळताना आतल्या बाजूचा पेडल वर. नजर चाकाकडे नाही, जिथे जायचे आहे तिथे. दोघांमध्ये अंतर ठेवायचे. "आणि आपली बाजू सोडायची नाही. रस्ता कितीही मोकळा दिसू दे, डावीकडेच राहायचं."

सगळ्यांत पुढे तो निघाला. त्याच्या मागे सुरुची.

पहिली काही वळणे त्याने नीट घेतली. वारा कानांत भरला. डावीकडे दरी, तिच्या कडेला दगडी कठडा, उजवीकडे डोंगर कापून काढलेली भिंत. मागून सुरुचीच्या चाकाची बारीक टिकटिक ऐकू येत होती. त्याने वेग वाढवला. टिकटिक तेवढीच राहिली. ती मागे पडत नव्हती, आणि पुढेही येत नव्हती. सांगितलेले अंतर ठेवून येत होती. उल्हासने ब्रेकवरची बोटे उचलली.

पुढचे वळण उजवीकडे होते. डोंगराच्या नाकामुळे पलीकडचे काही दिसत नव्हते. डावीकडून गेले असते तर वेग कमी करावा लागला असता. उल्हासने सायकल रस्ता ओलांडून उजवीकडे, भिंतीलगत घातली.

समोर जीप होती.

जीप आपल्या बाजूनेच वर चढत होती. ड्रायव्हरने हॉर्न दाबला आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढले. जीप रस्त्याच्या पार दुसऱ्या बाजूला, दरीकडे गेली. तिच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीतून उल्हास सुटला. त्याच्या कोपराला भिंतीवरचे गवत लागले, इतकेच.

मग मागे लोखंड दगडावर घासल्याचा लांब आवाज झाला. आणि त्यापाठोपाठ हाक आली.

"सर!"

एकदाच. उल्हासची बोटे ब्रेकवर आवळली. सायकल जवळजवळ थांबली. एक पाय त्याने पेडलवरून काढलाही. वर जीपच्या इंजिनाचा आवाज आला, क्षणभर अडखळला आणि तसाच चढत दूर गेला. जीप थांबली नव्हती.

राजस मागे होता. बाकीचेही मागेच होते. आता पोचतीलच. उल्हासने पाय पुन्हा पेडलवर ठेवला. बोटे सैल झाली, आणि उताराने सायकल आपोआप खाली नेली.

नदीकाठच्या एका टपरीवर त्याने चहा सांगितला. टपरीवाल्याने कुठून आलात, विचारले. लखनऊहून, तो म्हणाला. ग्लास हातात धरवत नव्हता इतका गरम होता, तरी त्याने तो खाली ठेवला नाही. बऱ्याच वेळाने एक ट्रक येऊन थांबला आणि केबिनमधून राजसने उडी मारली. त्याच्या शर्टाच्या बाहीला रक्त होते.

"सर, भाभीजी गिर गईं. सिर फूटा है, कंधा भी... बाकी लोग उन्हें हल्द्वानी ले जा रहे हैं. आपको कुछ पता नहीं चला?"

"कुठे पडली?" उल्हासने विचारले.

आपण असे विचारू शकतो, हे त्याला तेव्हाच कळले. पुढचे वाक्य तर त्याहून सोपे गेले.

"वळणात ब्रेक दाबला असणार. इतकं सांगूनसुद्धा नवशिके दाबतातच."

हल्द्वानीच्या इस्पितळात मग त्याने काही कमी केले नाही. डॉक्टरांशी बोलला, फोन लावून सौरभला बोलावून घेतले, सौरभ येईपर्यंत बाकावरून उठला नाही. खांद्याचे हाड मोडले होते, मनगट मोडले होते, कपाळाला टाके होते. सौरभने आल्यावर त्याचे दोन्ही हात धरले. "सर, तुम्ही होतात म्हणून." उल्हासने हात सोडवून घेतले आणि औषधे आणतो म्हणून तो बाहेर गेला.

लखनऊला परत आल्यावर तो तिला भेटायला गेला नाही. संस्थेत काम आहे, म्हणाला. त्याची बायको पद्मिनी डबा घेऊन दोनदा जाऊन आली. दुसऱ्या खेपेला आल्यावर जेवताना तिने सांगितले,

"सायकल विकताहेत ते. तिच्या सासूबाई आल्यात वर्ध्याहून, त्यांनी धसकाच घेतलाय. सौरभ पण म्हणतो, हिला नाही जमायचं. सुरुची आपली एकच सांगते. तू चुकीच्या बाजूनं गेलास, म्हणून जीप तिच्या अंगावर आली." पद्मिनी हसली. "सौरभच मला म्हणाला, मनावर घेऊ नका, डोक्याला मार लागलाय. सरांनी आधीच सांगितलंय, ब्रेक दाबला वळणात."

उल्हासने पोळीचा घास मोडला. तो त्याच्या हातातच राहिला.

"वरण देऊ?" पद्मिनीने विचारले.

"नको."

तो गेला तो एका दुपारी. सौरभ त्या वेळी ड्युटीवर असेल, असे त्याने धरले होते. निशातगंजच्या गल्लीत स्कूटर लावताना त्याने काय बोलायचे ते मनात दोन-तीनदा म्हणून पाहिले. दोनच वाक्ये होती. ती तिला एकटीला सांगायची, माफी मागायची आणि निघायचे. ती चांगली मुलगी होती. माफ करेल.

दार सौरभनेच उघडले.

"अरे सर! या, या. मी रजेवर आहे ना अजून. आई, सर आले बघ, शेवडे सर!"

सौरभची आई, सरलाबाई, पदराला हात पुशीत स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी उल्हासला वाकून नमस्कारच केला. तो खुर्चीतून अर्धवट उठला.

"भाऊ, तुमचे उपकार आहेत जी आमच्यावर," त्या म्हणाल्या. "पोरीला वेळेवर दवाखान्यात नेलं."

"मी नाही नेलं," उल्हास म्हणाला. "ग्रुपमधल्या बाकीच्यांनी नेलं."

"हे बघ," सौरभ आईला म्हणाला, "असे आहेत सर. सर, तुम्ही आत बसा सुरुचीजवळ, मी गरम कचौडी घेऊन येतो. अमीनाबादचा एक जण सायकल बघायला येणारे संध्याकाळी, तुम्ही तोवर थांबलात तर किमतीचं जरा विचारीन. आपल्याला यातलं काय कळतं."

सायकल तिथेच, भिंतीला लावून ठेवलेली होती. पुढचे चाक सरळ करून आणलेले दिसत होते. हँडलच्या डाव्या टोकाला रंग खरवडून लोखंड उघडे पडले होते.

आतल्या खोलीत सुरुची खिडकीशी खुर्चीवर बसली होती. हात गळ्यातल्या झोळीत, कपाळावर पट्टी. केस कुणीतरी दुसऱ्याने विंचरून बांधलेले होते, घट्ट, शाळकरी मुलीसारखे. त्याला बघून ती उठू लागली.

"बस, बस."

तो पलंगाच्या कडेवर टेकला. स्वयंपाकघरात सरलाबाईंनी स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली. त्या आवाजाच्या आड उल्हासने पहिले वाक्य उच्चारले.

"सुरुची, त्या दिवशी चूक माझी झाली. मी माझी बाजू सोडली."

तिने खिडकीबाहेर पाहिले. समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते.

"मला माहीत आहे ना सर," ती म्हणाली. "मी मागेच तर होते."

"मला फार वाईट वाटतं. झोप लागत नाही मला. तू मला..."

"सर." तिचा आवाज चढला नव्हता. "जे मी बघितलं तेच मला काय सांगता? त्यांना सांगा."

उल्हासने स्वयंपाकघराकडे पाहिले.

"घरात मी खोटी पडले आहे," ती म्हणाली. "आई म्हणतात, आपली चूक सरांवर ढकलू नये बाई. सौरभ काही म्हणत नाही, नुसता डोक्यावरून हात फिरवतो. ते जास्त वाईट आहे. मी वळणाच्या आधी ब्रेक दाबला होता सर. पेडल वर होता. सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं होतं."

"हो."

"मग सांगा."

बाहेर दार वाजले. सौरभ कचौडीचे पुडके घेऊन आला होता. "सर, बाहेरच या, इथे पंखा आहे. सुरुची, तू पण ये, हळू ये." ऑक्टोबर संपत आला होता आणि पंख्याची काही गरज नव्हती. उल्हास उठून बाहेरच्या खोलीत आला. सुरुची दारापर्यंत आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

सरलाबाईंनी बशा मांडल्या. उल्हासने बशी हातात घेतली नाही.

"सौरभ, मला एक सांगायचं आहे. सुरुचीनं ब्रेकची काही चूक केली नव्हती. चूक माझी होती. वळणावर मी उजवीकडून गेलो. जीप मला चुकवायला तिच्या बाजूला गेली. ती बरोबर चालवत होती."

सौरभने आईकडे पाहिले, मग सुरुचीकडे. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आले आणि डोळ्यांत पाणीही.

"सर, तुम्ही ना..." तो म्हणाला. "हिनं तुम्हाला आत काय सांगितलं ते समजलं मला. हिच्या मनाला बरं वाटावं म्हणून तुम्ही... नाही सर, हे फार झालं. कोण करतं असं?"

"मी खरं सांगतोय."

"मोठ्या मनाचं माणूस," सरलाबाई म्हणाल्या. त्यांनी आणखी एक कचौडी ठेवून बशी उल्हासच्या हातात दिली. "ऐक गं सुरुची. तुझ्यासाठी सर स्वतःवर घेऊन राहिले. आता तरी पुरे कर."

खोलीत क्षणभर सगळे निवांत झाले. उल्हासला ते निवांतपण अंगावर ऊन पडावे तसे जाणवले. आता आणखी काही करायला नको होते. त्याने सांगितले होते, अगदी खरे सांगितले होते. त्यांनी मानले नाही, तर त्याला तो काय करणार? तो कचौडीचा तुकडा मोडणार होता.

त्याने दाराकडे पाहिले. सुरुची चौकटीला तशीच टेकलेली होती. झोळीच्या कापडाचा एक धागा सुटला होता, तो ती चांगल्या हाताच्या बोटाला गुंडाळत होती. त्याच्याकडे ती बघतही नव्हती. तिने त्याच्याकडून जेवढे मागितले होते तेवढे मागून झाले होते.

उल्हासने बशी टीपॉयवर ठेवली. बशी कडेवर ठेवली गेली आणि सौरभने ती पटकन आत सरकवली.

"मी तिच्या मनासाठी बोलत नाहीये," उल्हास म्हणाला. "ती माझ्याहून चांगली चालवते. त्या दिवशी चढावर तिनं मला मागे टाकलं. सगळे हसले. उतारावर मला तिला मागे टाकायचं होतं, म्हणून मी बाजू सोडली. ती पडली तो आवाज मी ऐकला. तिची हाक ऐकली. मी सायकल थांबवलीसुद्धा होती. आणि मग मी तसाच खाली गेलो. चहा पीत बसलो. राजस आल्यावर ते ब्रेकचं मी बनवून सांगितलं."

स्वयंपाकघरात स्टोव्ह तसाच फरफरत होता. सरलाबाई उठून गेल्या आणि तो बंद झाला. त्या बराच वेळ परत आल्या नाहीत.

सौरभ त्याच्याकडे बघत होता. चेहऱ्यावरचे हसू पुसायचे राहून गेले होते, आणि ते आता कुणाचेच नव्हते.

"हाक?" दारातून सुरुचीने विचारले.

उल्हासने मान वर केली. तिचा रंग उतरला होता. बोटाभोवती गुंडाळलेला धागा तसाच होता. हे तिला माहीत नव्हते, हे त्याच्या आत्ता ध्यानात आले. तिला वळण माहीत होते. पुढे गेलेल्या माणसाने आपल्याला ऐकले होते, हे तिला माहीत नव्हते.

"तुम्ही हाक ऐकली होती?"

"हो."

"एकदा?"

"एकदाच. 'सर' म्हणून."

ती नवऱ्याकडे वळली.

"म्हणजे मी हाक मारली होती," ती म्हणाली. "सौरभ, मी मारली होती हाक. तू म्हणालास भास असेल. डॉक्टर पण म्हणाले, डोक्याला लागलं की असं होतं. मला पण वाटायला लागलं होतं, की मी मारलीच नसेल. नाहीतर कुणी थांबलं कसं नाही?"

सौरभ उठून तिच्याजवळ गेला. तिच्या डोक्यावर ठेवायला त्याने हात उचलला, आणि खाली घेतला.

"सर," मागे न वळता तो म्हणाला, "तुम्ही आता निघा."

इतक्या वर्षांत लखनऊच्या कोणत्याही मराठी घरातून उल्हास असा निघाला नव्हता. नेहमी कुणीतरी फाटकापर्यंत यायचे, स्कूटर सुरू होईपर्यंत उभ्या उभ्या आणखी गप्पा व्हायच्या. त्याने चपला घातल्या. भिंतीजवळची सायकल ओलांडून त्याला जावे लागले. पायऱ्यांवर सरलाबाईंचा आवाज मागून ऐकू आला. त्याला वाटले, त्याला काही म्हणताहेत. पण त्या मुलाशी बोलत होत्या.

"त्या अमीनाबादवाल्याला येऊ नको म्हण रे, सौरभ."

उल्हास खाली स्कूटरपाशी आला. थोड्या वेळाने सुरुचीचा आवाज सुरू झाला. ती पहिल्यापासून सांगत होती. भोवालीचा बाजार, तिथले सफरचंद, उतार कसा सुरू झाला ते. मधूनमधून तिला धाप लागत होती, पण ती थांबत नव्हती, आणि तिला कुणी थांबवत नव्हते. गल्लीतून एक रिक्षा घंटी वाजवत गेली, तेवढ्यापुरते शब्द बुडाले आणि पुन्हा वर आले.

उल्हासने स्कूटरला किल्ली लावली होती. ती त्याने फिरवली नाही. पहिले वळण झाले, दुसरे झाले. आत ती आता ब्रेक केव्हा दाबला ते सांगत होती, पेडल कुठे होता ते सांगत होती. फाटकाशी, हँडलवर हात ठेवून, मान खाली घालून तो उभा राहिला. तिच्या सांगण्यात ती हाक येईपर्यंत तो तिथून हलला नाही.